कांडवेलीचा अर्क आणि हाडांची झीज

प्रश्न (लातूर): आईचा डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीतील टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना दाखवणारा आकडा) उणे 2.7 आला असून, गावातील जाणती मंडळी बांधावरच्या कांडवेलीचा रस सुचवतात. अशा अर्काची रीतसर चाचणी कशी होते?

उत्तर (नांदेड): अंडाशय काढलेल्या (म्हणजे रजोनिवृत्तीनंतरसारखी हाडांची झीज होणाऱ्या) मादी उंदरांना अर्क देऊन, अलेंड्रोनेट (हाडांची झीज रोखणारे औषध) दिलेल्या व काहीच न दिलेल्या गटांशी त्यांच्या हाडांची घनता व बळकटी ताडून पाहतात. कांडवेलीचे असे निष्कर्ष आशादायक आहेत. मात्र तेवढ्यावरून माणसाचे फ्रॅक्चर टळेल, असे मानणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर (परभणी): अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावर घटक बदलतात, त्यामुळे प्रयोगातील मात्रा घरच्या रसाला लागू होत नाही. ताज्या कांडातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसाही खाजतो. उणे 2.5 किंवा त्याखालचा स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार). आईंना डॉक्टरांनी औषध दिले असेल, तर ते कृपया थांबवू नका.