मदत हवी: कॅमेरा-रेडी पेपरमधली मराठी अक्षरं गायब, उद्या संध्याकाळी ५ ची मुदत

विश्वामित्री_काठची (शनिवार, रात्री ९:४२)
नमस्कार मंडळी. तातडीचं आहे. सिम्पोझियमला पेपर अ‍ॅक्सेप्ट झालाय, कॅमेरा-रेडी (छपाईला द्यायची अंतिम) प्रत उद्या संध्याकाळी ५ पर्यंत चढवायची आहे आणि त्यातलं मराठी काही केल्या दिसत नाहीये. टेबल २ मध्ये नुसती मोकळी जागा, आलेखावर चौकोन चौकोन. वर ते पोर्टल फाइल घेतच नाही, फॉन्टबद्दल काहीतरी एरर देतं. दोन दिवस यातच गेले. गाइड म्हणतात "टेबल काढून टाक", पण रिव्ह्यूअरनी नेमकं तेच टेबल उचलून धरलं होतं. कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा. "गूगल करा" म्हणू नका, करून झालंय.

फतेगंजी (९:५५)
कुठलं सिम्पोझियम? आधी नाव लिहा. 'अप्लाइड कम्प्युटिंग', 'स्मार्ट सॉफ्टवेअर सिस्टिम्स' असल्या नावांची आमंत्रणं मला आठवड्याला दोन येतात. एसीएम या संगणकवाल्यांच्या संस्थेचं सिम्पोझियम ऑन अप्लाइड कम्प्युटिंग १९८६ पासूनचं आहे. त्याच्यासारखं दिसेल असं नाव ठेवून फी उकळणारेही पैशाला पासरी. फी किती घेतली? प्रोसीडिंग्ज (पेपरांचा संग्रह) कोण छापणार?

विश्वामित्री_काठची (९:५८)
फी भरून झालीय, खोटं नाहीये, आमच्या डिपार्टमेंटचे दोघं मागच्या वर्षी जाऊन आलेत. नाव लिहीत नाही कारण गाइड हा फोरम वाचतात. प्रश्न फॉन्टचा आहे!

पुणेरी_टॅब (१०:०४)
वर्ड की लेटेक (कोड लिहून पेपर मांडायचं साधन)? लेटेक असेल तर त्याचं इंजिन कुठलं, पीडीएफलेटेक की झीलेटेक? ओव्हरलीफवर (ब्राउझरमध्ये लेटेक चालवणारी साइट) की स्वतःच्या मशीनवर? टेम्प्लेट कुठलं? आलेख कशात काढलाय? आणि एरर जशीच्या तशी लिहा. "फॉन्टबद्दल काहीतरी" यावर ब्रह्मदेवालाही उत्तर देता यायचं नाही.

विश्वामित्री_काठची (१०:०९)
लेटेक, अर्थातच. ओव्हरलीफ. टेम्प्लेट आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेचं, दोन कॉलमवालं. बाकी जे आपोआप असतं ते. आलेख पायथनमध्ये, मॅटप्लॉटलिब या लायब्ररीने. एरर अशी की काही फॉन्ट टाइप ३ (पीडीएफमध्ये फॉन्ट घालायचा एक प्रकार) आहेत, चालणार नाहीत.

वर्डप्रेमी (१०:११)
वर्ड घ्या, मंगल फॉन्ट लावा, सेव्ह अ‍ॅज पीडीएफ. दोन मिनिटांचं काम. लेटेकवाल्यांना साध्या गोष्टी अवघड करायची हौस.

पुणेरी_टॅब (१०:१३)
आठ पानांचा, समीकरणांचा पेपर आदल्या रात्री वर्डमध्ये हलवायचा? तुम्ही बसणार का जोडीला?

सोल्डरगन (१०:२०)
पेपर कशावर आहे ते कुणीच विचारलं नाही.

विश्वामित्री_काठची (१०:२४)
पुलाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून बडोद्याच्या विश्वामित्री नदीची पातळी मोजायची आणि धोक्याची खूण ओलांडली की काठच्या सोसायट्यांना मराठी-गुजरातीत संदेश पाठवायचा, अशी सिस्टिम. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या पार्किंगमध्ये छातीपर्यंत पाणी होतं आणि वॉचमनकाकांना इंग्रजी मेसेज आला होता. तिथून सुचलं. टेबल २ मध्ये ते संदेशच आहेत. एक असा: "विश्वामित्रीची पातळी २५ फुटांच्या वर. नदीकाठी जाऊ नका, मगरी बाहेर आल्या असू शकतात."

सोल्डरगन (१०:३१)
सेन्सर एचसी-एसआर०४ नाही ना? त्याची पोच ४ मीटरच, आणि तुमचे २५ फूट म्हणजे साडेसात मीटरच्या वर. दुसरं, तापमानाची दुरुस्ती केलीय का? २० अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. पहाट आणि दुपार यांत १० अंशांचा फरक धरला तर ८ मीटरवर १४ सेंटीमीटरची चूक येते. रिव्ह्यूअरने नाही विचारलं तरी सभागृहात कुणीतरी विचारणार.

विश्वामित्री_काठची (१०:३३)
लांब पल्ल्याचा वॉटरप्रूफ आहे आणि दुरुस्ती केलीय, सेक्शन ३ मध्ये आहे. फॉन्ट!!

दांडियाबाजार (१०:४०)
ताई, तुमच्या प्रश्नातलं मला काही कळत नाही, पण 'सिम्पोझियम' शब्दावरून सांगतो. ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ 'एकत्र बसून पिणं'. म्हणजे गुजरातेत परमिटशिवाय सिम्पोझियम भरवताच येत नाही! आपल्याकडे 'परिसंवाद' म्हणतात, 'चर्चासत्र' वेगळं. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' असा बहुभाषी कोश १९३१ मध्ये काढवला होता. तुमचे मराठी-गुजराती संदेश लिहिताना त्यातले शब्द वापरा.

फतेगंजी (१०:४४)
काका, पुराच्या मेसेजमध्ये कल्पतरूतले शब्द वापरले तर शब्दार्थ लागेपर्यंत पाणी दुसऱ्या मजल्यावर.

गणपती_गणित (१०:५२)
अवांतर, पण संदेशाबद्दल. देवनागरी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, एका एसएमएसमध्ये ७० च खुणा बसतात (इंग्रजीत १६०). काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. तुमचं वरचं वाक्य मी मोजलं, ८२ भरतात. म्हणजे दर वेळी दोन एसएमएसचे पैसे, आणि पुरात नेटवर्क लंगडत असताना एकच तुकडा पोचला तर? "असू शकतात" एवढंच नेमकं पोचायचं.

विश्वामित्री_काठची (१०:५७)
हे मात्र लक्षात आलं नव्हतं. पेपरात आता बदलता येणार नाही, प्रेझेंटेशनमध्ये घेते. आभार. पण फॉन्ट…

बटाटापोहा (११:१५)
हापिसातून आत्ता आलो. ताई, तुमची दुखणी दोन आहेत आणि तुम्ही एकच समजून औषध शोधताय, म्हणून गूगल वाकडं उत्तर देतंय. (धाग्यात कोड टाकला की इथे बॅकस्लॅश गळतात, म्हणून बोलल्यासारखं लिहितो.)

टेबल: ओव्हरलीफ आपणहून पीडीएफलेटेक चालवतं. त्याला देवनागरी ठाऊक नाही. लाल एरर देऊन ती अक्षरं गाळतं आणि पुढे जातं, म्हणून मोकळी जागा. ओव्हरलीफच्या सेटिंग्जमध्ये कम्पायलर बदलून झीलेटेक करा, फॉन्ट निवडायचं फॉन्टस्पेक पॅकेज घ्या, नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट वेगळ्या नावाने जाहीर करा.

आलेख: मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा फॉन्ट डेजावू सान्स. त्यात देवनागरी नाही, म्हणून चौकोन. आणि तो पीडीएफमध्ये फॉन्ट टाइप ३ म्हणून घालतो, पोर्टल तिथेच अडतंय. आरसीपॅरम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्ज) 'पीडीएफ डॉट फॉन्टटाइप' ३ चा ४२ (ट्रूटाइप) करा, मग आलेख पुन्हा काढा. नुसती जुनी फाइल परत चढवू नका. आलेखावर मराठी हवंच असा हट्ट असेल तर नोटो लावून बघा, पण बहुतेक जोडाक्षरं फुटतील, 'धोक्याची'चं 'धोक् याची' होईल. माझं ऐका, अक्षांवर इंग्रजी ठेवा. मराठी शोभतं ते टेबलात.

वर्डप्रेमी (११:१९)
किंवा वर्डमध्ये टेबल करून स्क्रीनशॉट चिकटवा. संपलं.

पुणेरी_टॅब (११:२२)
आणि छापल्यावर पाळण्यातल्या बाळाच्या डोळ्यांतलं काजळ फासल्यासारखं दिसेल. स्क्रीनशॉट नको.

विश्वामित्री_काठची (रविवार, सकाळी ७:५०)
आलेख झाला, टाइप ३ गेले! टेबलात अक्षरं आली पण भलतीच. 'विश्वामित्री'तल्या पहिल्या व ची वेलांटी व च्या नंतर बसते आणि 'श्व' फुटून 'श् व' दिसतो. खालच्या गुजराती ओळीत अजून चौकोनच. आणि आता पेपर आठाऐवजी नऊ पानांचा झाला!! मर्यादा आठ. माझ्याच नशिबी का?

बटाटापोहा (८:३०)
फॉन्ट जाहीर करताना कंसात स्क्रिप्ट देवनागरी असं लिहिलंत का? ते नसेल तर तो अक्षरं जशी टंकली तशी एकामागून एक मांडतो. गुजराती लिपीच वेगळी, त्यासाठी नोटो सान्स गुजराती स्वतंत्र जाहीर करायचा, स्क्रिप्टसकट.

पानांचं: फॉन्टस्पेक घेतल्यावर टाइम्स जाऊन लॅटिन मॉडर्न आला असणार, तो अंगाने रुंद.

पुणेरी_टॅब (८:४१)
इथे माझं बटाटापोह्यांशी पटत नाही. अख्खा पेपर झीलेटेकवर न्यायचाच कशाला? फक्त टेबल २ एका वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवा, स्टँडअलोन क्लास (एकच तुकडा वेगळा काढायची सोय) वापरून, तेवढीच झीलेटेकने काढा. जी पीडीएफ येईल ती मूळ पेपरात चित्र म्हणून घ्या. मूळ पेपर परत पीडीएफलेटेकवर, टाइम्स जागच्या जागी, आठ पानं. टेबलातली अक्षरं खरी अक्षरंच राहतात, झूम केलं तरी फुटत नाहीत.

बटाटापोहा (८:४४)
हे चांगलंय. मागे घेतो माझं.

पुणेरी_टॅब (८:४५)
चढवण्याआधी अ‍ॅक्रोबॅटमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स बघा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' दिसलं पाहिजे.

फतेगंजी (११:१०)
तुम्ही पीएचडीसाठी हे करताय का? असाल तर उगाच जीव काढू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी थीसिसआधी पेपरची सक्ती काढलीय.

गणपती_गणित (११:२६)
कागदावर काढलीय. विद्यापीठं आपापल्या नियमात अजून मागतात, मी भोगलंय. केअर लिस्टही (मान्य जर्नलांची यादी) यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, आता 'चांगलं जर्नल कुठलं' हे प्रत्येक समिती आपापल्या मर्जीने ठरवते.

फतेगंजी (११:३१)
मर्जीने ठरवत असतील तर ती तुमच्या समितीची चूक, नियमाची नाही.

गणपती_गणित (११:३३)
माझी समिती तुम्ही पाहिली नाहीत म्हणून असं म्हणताय.

दांडियाबाजार (दुपारी १:०५)
वाद नको. ताई जेवल्या का?

विश्वामित्री_काठची (४:११)
झालं!!! पोर्टलने घेतली फाइल. हिरवी खूण आली. आठ पानं, 'श्व' जुळलेला, गुजरातीही दिसतेय. पुणेरी_टॅब आणि बटाटापोहा, तुम्हाला माझ्याकडून सेव-उसळ, बडोद्यात याल तेव्हा. नाही जेवले काका, आता जेवते.

फतेगंजी (४:१८)
अभिनंदन. रिव्ह्यू डबल-ब्लाइंड (दोन्हीकडची नावं झाकलेला) होता ना? लेखकांची नावं परत टाकलीत?

विश्वामित्री_काठची (४:२०)
…

विश्वामित्री_काठची (४:२१)
नाही. 'ऑथर वन, ऑथर टू' असंच गेलंय. आले.

विश्वामित्री_काठची (४:५३)
बदलली. पोर्टलने दुसऱ्यांदा घेतली एकदाची. आभाराच्या परिच्छेदातही "नाव नंतर" असंच होतं, तेही भरलं. फतेगंजी सर, सकाळपासून चिडत होते तुमच्यावर, माफ करा. सेव-उसळ तुम्हालाही.

वर्डप्रेमी (५:०२)
वर्डमध्ये फाइंड-रिप्लेस केलं असतं तर एका झटक्यात…

दांडियाबाजार (५:४०)
माझ्या फोनवर नातवाने पाठवलेल्या निमंत्रणात मराठीचे चौकोन दिसतात. तो नोटो का काय तो फॉन्ट टाकला तर होईल का?

पुणेरी_टॅब (५:४४)
काका, फोन कुठला? निमंत्रण पीडीएफ आहे की फोटो?