दोन महिन्यांचं रस्त्यावरचं पिल्लू घरी आणतोय, सुरुवातीला काय करू?

प्रश्न: देशी पिल्लू, वय साधारण ८ आठवडे, लसीकरणाची नोंद नाही. घरात ६ वर्षांची मुलगी आहे. आल्या आल्या आंघोळ घालायची का? दूध किती द्यायचं?

प्रतिसाद १: दूध देऊच नका. गाई-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही; जुलाब लागले की ते दुधाचे की पार्व्होचे (पिल्लांचा विषाणूजन्य जीवघेणा आजार) हेच कळत नाही. मऊ भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन, मीठ-कांदा-लसूण अजिबात नको, दिवसातून ४ वेळा थोडं थोडं. पण हे काही दिवसांपुरतंच, त्यात कॅल्शियम कमी पडतं. पुढे पिल्लांचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून द्या.

प्रतिसाद २: आंघोळ राहू द्या, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. मोठ्या कुत्र्याचं गोचिडाचं औषध पिल्लाला लावू नका, विषबाधा होते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे वजन करून जंताचं औषध आणि पार्व्हो-डिस्टेंपरची लस (डिस्टेंपर हाही कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार). पुढचे डोस ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत बाहेर जमिनीवर सोडू नका, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. उलट्या, रक्ताचे जुलाब, मरगळ दिसली तर सकाळची वाट बघू नका. अंगातलं पाणी कमी होऊन पिल्लू झपाट्याने दगावतं.

प्रतिसाद ३: मुलीचं कुणी बोललं नाही! खाताना, झोपलेलं असताना पिल्लाला हात लावायचा नाही. खेळताना दात लागून ओरखडा उठला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजचा धोका नको म्हणून त्याच दिवशी मुलीला घेऊन दवाखाना गाठा.