सॅच्युरेशनला ‘गडदपणा’ म्हणावं का?

लग्नाच्या फोटोंचे रंग दुरुस्त करायला शिकाऊ मुलं येतात, त्यांच्यासाठी मराठी शब्द हवेत. ह्यूला ‘रंगछटा’ म्हटलेलं कळतं. सॅच्युरेशनला ‘संपृक्तता’ म्हटलं की रसायनशास्त्राचा तास सुरू झाल्यासारखं वाटतं. मी ‘गडदपणा’ म्हणतो, पण पोरं सॉफ्टवेअरमधली भलतीच पट्टी (स्लायडर) ओढतात.

* * *

पोरांचं चुकत नाही, दादा. ‘गडद निळा’ म्हटलं की शाईसारखा काळसर निळा डोळ्यांपुढे येतो. गडदमध्ये उजेड कमी असणं आलंच, आणि ते काम ल्युमिनन्सचं, म्हणजे रंगाच्या उजळपणाच्या पट्टीचं. सॅच्युरेशन म्हणजे रंगात राखाडीपणा किती, एवढाच प्रश्न. पट्टी पार डावीकडे नेली की फोटो कृष्णधवल.

डाळिंबी शालूचा फोटो उघडा. लाल रंगाचं सॅच्युरेशन उतरवलं तर शालू विटल्यासारखा दिसेल. ते जागेवर ठेवून ल्युमिनन्स उतरवलं तर काळपट दिसेल, पण विटका नाही. म्हणजे जोडी विटका–भडक अशी आहे. गडद–फिकट ही नव्हे.

* * *

‘भडक’मध्ये नावं ठेवणं आहे ना पण? गिऱ्हाइकाला ‘भडकपणा वाढवलाय’ सांगून बघा! त्यापेक्षा ‘रंगाचा जोर’ म्हणा. जोर वाढतो, कमी होतो, मोजून सांगता येतो.

* * *

‘जोर’ झकास. आमच्याकडे मात्र सगळे ‘यलो कमी कर’ यावर भागवतात, आणि घोळ तिथेच होतो. हळदीच्या फोटोत मंडपाचे पडदे पिवळे, दिवे पिवळे, नवरी तर पिवळीच. पिवळ्याचा जोर कमी केला की हळदही मातकट होते. आधी व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) नीट करायचा, मग उरलेलं. त्यातही त्वचेचा रंग नारिंगीकडे झुकलेला असतो. रंगचक्रावर नारिंगी साधारण ३० अंशांवर, पिवळा ६० वर, म्हणजे शेजारीच. पिवळ्याची छटा हिरव्याच्या बाजूला जरा जास्त सरकली की हळद लिंबासारखी दिसते आणि चेहरा आजारी.

* * *

व्हाइट बॅलन्सचा विषय निघालाच आहे, तर एक शंका. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: साधा बल्ब सुमारे २७०० केल्विन, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. म्हणजे आकडा वाढला की उजेड निळसर. मग सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवला की फोटो पिवळा का होतो?

* * *

कारण तो आकडा ‘फोटो काढताना उजेड असा होता’ हे सांगण्यासाठी आहे. तुम्ही ८००० म्हणालात, तर सॉफ्टवेअर समजतं की उजेड निळा होता, आणि तो मारायला पिवळा घालतं. बल्बखालच्या फोटोला २७०० च्या आसपासचा आकडा द्या, पिवळेपणा जाईल. हे रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेल्या मूळ फाइलवर) करा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, ताणलं की पट्टे उमटतात.

आणि पिवळ्या-नारिंगी ‘वॉर्म’ रंगांना कृपा करून ‘उबदार रंग’ लिहू नका. आपले चित्रकलेचे मास्तर ‘उष्ण रंग’ आणि ‘शीत रंग’च म्हणत.

* * *

मग ‘जोर’ नक्की. व्हायब्रन्सला काय म्हणू?

* * *

व्हायब्रन्सच म्हणा. ते मंद रंगांना जास्त उचलतं, जोरदार रंगांना फारसं हात लावत नाही आणि त्वचा सांभाळतं. एवढं सगळं एका शब्दात कोंबायला गेलात तर पुन्हा ‘संपृक्तता’ होईल.