स्लीप ॲप्निया : तपासणीची खाट एकच, रांग मोठी

प्रश्न :
स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडणं. सार्वजनिक रुग्णालयात त्यासाठी रात्रभर झोपवून तपासायची खाट एकच असेल तर आठवड्याला ५-६ जणांचीच तपासणी होते. नव्या खाटेला मंजुरी मिळणं अवघड. रांग कमी करायला सुरुवात कुठून करावी? शिवाय सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) घरी नेलेले बरेच जण महिन्याभरात ते कपाटात टाकतात, त्याचं काय?

प्रतिसाद १ :
रांग नोंदणीच्या तारखेनुसार नको, धोक्यानुसार लावा. 'स्टॉप-बँग' या धोका जोखणाऱ्या प्रश्नावलीचे ८ प्रश्न परिचारिका मापपट्टी आणि वजनकाटा घेऊन बाह्यरुग्ण विभागातच विचारू शकते. ५ किंवा जास्त गुण आले तर मध्यम ते तीव्र आजाराची शक्यता मोठी. पण त्यातला एक गुण पुरुष असण्याचाच आहे. स्त्रिया घोरण्याऐवजी पुष्कळदा झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी सांगतात आणि मागे पडतात. अवजड वाहनांचे चालक, शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांना कमी गुणांवरून थांबवू नका.

प्रतिसाद २ :
खाट राखून ठेवा ती हृदय निकामी होत चाललेले, फुफ्फुसाचा किंवा स्नायूंचा गंभीर आजार असलेले, अफूजन्य वेदनाशामकं घेणारे यांच्यासाठी. बाकी बहुतेकांना घरी नेण्याचं यंत्र पुरतं : नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. रात्र वाया जाते ती बरेचदा नळी सरकल्यामुळे. गालावरचं तेल पुसून दोन्हीकडे चिकटपट्टी लावायची, नेलपॉलिश काढायचं. हे सगळं रुग्णाच्या हातून एकदा करवून घ्या. नुसता सूचनांचा कागद देऊन भागत नाही. सकाळी किमान ४ तासांची नीट नोंद नसेल तर तपासणी पुन्हा.

आणखी एक. हे यंत्र झोप मोजत नाही. रुग्ण जागा असतो तो वेळही भागाकारात धरला जातो, म्हणून ताशी किती वेळा श्वास अडतो तो आकडा कमी येतो. लक्षणं ठळक असतील तर 'नॉर्मल' अहवालावर फाइल बंद करू नये, त्याला खाटेवर घ्यावं.

प्रतिसाद ३ :
कपाटातल्या यंत्रांविषयी. मास्क खुर्चीत बसवून बघतात, ही मूळ चूक. आडवं झालं की गाल सैलावतात आणि कडेने हवा सुटते. मग रुग्ण पट्टे आवळत जातो, नाकाच्या हाडावर व्रण पडतो, गळती तशीच. पट्टे सैल करून, हवा चालू ठेवून, मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून परत टेकवायचा, म्हणजे मास्कची गादी फुगून नीट बसते. हे रुग्णालयातच, आडवं झोपवून शिकवा. तोंड कोरडं पडत असेल तर आधी चोंदलेलं नाक बघा, मग आर्द्रता वाढवा, तरीही नाही जमलं तर तोंड झाकणारा मास्क.

तिसऱ्या दिवशी फोन आणि आठवड्याने यंत्रातली नोंद : वापराचे तास, गळती, उरलेले श्वासरोध. निदान ७० टक्के रात्री ४ तास वापर, ही किमान पातळी मानतात. त्यावर समाधान मानू नका.

प्रश्नकर्ता :
सीपॅपचा दाब ठरवण्यासाठी रुग्णाला परत खाटेवर घ्यावं लागणार ना?

प्रतिसाद ३ :
गुंतागुंत नसेल तर नाही. स्वयंचलित यंत्र ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबात स्वतःच जुळवून घेतं. मागणीपत्रात मात्र यंत्राबरोबर मास्कच्या बदली गाद्या आणि फिल्टर आत्ताच लिहा. गादी मऊ पडून गळायला लागली आणि बदली मिळाली नाही, की यंत्र परत कपाटात जातं.