मजबूत स्टील घातलं, आणि हळदीच्या ड्रमचा शाफ्ट आधीपेक्षा लवकर तुटला

हळदवाला, आष्टा

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात आष्ट्याच्या अलीकडं आमची शेती. ऊस आणि सेलम हळद. हळद पॉलिश करायचा ड्रम आबांनी १९९४ साली गावातल्याच वेल्डरकडून बनवून घेतला होता. जाळीचा आठकोनी ड्रम, मधून आरपार शाफ्ट, दोन्ही टोकांना बेअरिंग, एका बाजूला चेन-मोटर. मिनिटाला तीसेक फेरे. भावकीतल्या चार-पाच घरांची हळद त्यातच पॉलिश होते, त्यामुळं मार्च-एप्रिलात तो बंद पडला की शिव्या मला.

शाफ्ट ड्रमच्या आत ४५ मिलिमीटर, बेअरिंगच्या जागी ३५ ला उतरवलेला. बेअरिंग यूसीपी २०७, घरासकट येतं आणि बोल्टनं बसवतात ते. माल भरला की ड्रमसकट सातशे किलोच्या आसपास वजन होतं.

आता दुखणं सांगतो. पहिला शाफ्ट साध्या एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा. २७ वर्षं चालला आणि तुटला नाहीच. बेअरिंगची बैठक झिजून ढिली झाली म्हणून २०२१ ला बदलला. दुसरा पण एमएसच, तेच माप, लेथवरून नवा करून आणला. दुसऱ्याच हंगामात ४५ चा ३५ होतो बरोबर त्या पायरीवर तुटला. मी म्हटलं एमएस आता पूर्वीसारखं येत नसेल. मग भंगारातून ट्रकचा हाफ शाफ्ट, म्हणजे मागचं चाक फिरवणारा दांडा, आणला. लांबीला पुरत नव्हता, म्हणून त्याचे दोन तुकडे करून मधे जाड पाइप घातला आणि ड्रमच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटांना तुकडे चांगले गोल वेल्डिंग मारून बसवले. टर्नर म्हणाला, टूल जळतंय इतकं कडक आहे. मी खूश. अकरा दिवसांत तुटला, वेल्डच्या कडेनं, सुरीनं कापल्यासारखा. ड्रम खाली बसला. माणूस जवळ नव्हता हे नशीब.

मजबूत लोखंड आधी तुटतं हे मला पटत नाही. आता चढत्या ताकदीच्या ग्रेडमधलं कुठलं स्टील घेऊ, ईएन ८, ईएन १९ का सरळ ईएन २४? एकदा पैसे गेले तरी चालतील, पुन्हा हा प्रकार नको.

पाटील, कऱ्हाड

ईएन २४ घाला आणि विसरा. डोळे झाकून.

लेथवाला, कुपवाड

डोळे झाकून काय करायचं असंल तर झोपा म्हणावं. पैसे तुमचे हाईत.

दादा, आधी मला तुटलेली तोंडं सांगा. एमएसचा जो तुकडा पायरीवर तुटला, त्याचं तोंड निम्मं गुळगुळीत, काळपट, शिंपल्यावर असतात तशा गोलाकार रेघा, आणि उरलेलं खडीसाखरेगत दाणेदार चमकतंय, असं आहे का? असंल तर तो एका दणक्यात तुटलेला नाही. आधी केसाएवढी चीर पडली, रोज फिरताना थोडी थोडी आत गेली, आणि उरलेल्या लोखंडाला पेलंना तेव्हा सुटला. शाफ्ट एक फेरा मारतो तेव्हा वरची बाजू खाली जाते, म्हणजे दाबलेली बाजू ताणली जाते. तीस फेरे धरा, आठ तास चालवा, दिवसाला १४,४०० वेळा वाकडं-सरळ. तार हातानं तोडताना आपण काय करतो? तेच.

चीर कुठं पडती? कोपऱ्यात. आमच्याकडं पोरं टोकदार टूल लावून पायरी काढत्यात, काटकोन कसा झक्क दिसतो! गिऱ्हाईक पण खूश. तिथंच शाफ्टचं मरण लिहिलेलं असतं. कोपऱ्यात रेडियस, म्हणजे गोलाई पाहिजे, बोटाचं पेर फिरवलं तर अडकता कामा नये.

हाफ शाफ्टाचं वेगळंच. ते मीडियम कार्बनचं नाहीतर अलॉय स्टील, वरून इंडक्शननं, म्हणजे विजेनं तापवून, कडक केलेलं. तसल्या मालाला थंडगार असताना वेल्डिंग मारलं की वेल्डच्या कडेची पट्टी तापून लगेच गार होती. लोहारानं पाणी दिल्यागत काचेसारखी होऊन बसती. वरनं साधी सहा हजार तेराची वेल्डिंग रॉड, ती पण पावसाळ्यात दमट झालेली असणार. चीर वेल्डिंग करतानाच पडलेली असंल, अकरा दिवस तर नुसता निरोप पोचायला लागले. एमएस वेल्डिंगला सोसतं, ते सोसत नाही. म्हणून "मजबूत" आधी गेलं.

आणि एक विचारतो. आबांचा पहिला शाफ्ट आहे का अजून? भंगारात घातला नसंल तर त्याचा कोपरा बघा.

हळदवाला, आष्टा

काका, तोंड अगदी तुम्ही म्हणताय तसंच. शिंपल्याच्या रेघा मोबाइलच्या बॅटरीत स्पष्ट दिसल्या. एवढे दिवस मी त्याला गंज समजत होतो.

पहिला शाफ्ट कुठं आहे सांगायला लाज वाटते. गोठ्यात म्हशीचा खुंटा म्हणून ठोकलाय. काल संध्याकाळी धार काढून झाल्यावर पाणी ओतून, पहार लावून उपटला. शेण-माती धुतली. पायरीला कोपरा असा नाहीच. ४५ वरून ३५ ला असा सुरेख वळत उतरलाय, की नख कुठं अडकत नाही. पायरी पाच मिलिमीटरची आणि वळणही पाचाचंच. दुसऱ्या शाफ्टाला बघितलं तर बरोबर गुण्याचा काटकोन. मी लेथवर मापं लिहून दिली होती, ४५, ३५, लांबी. गोलाईचं माप लिहिलंच नव्हतं.

आबांना विचारलं तर म्हणाले, तो टर्नर म्हातारा होता, "कोपऱ्याला खाऊ नको" असं पोराला ओरडायचा. एवढंच त्यांना आठवतंय.

निवृत्त, मिरज

मी फॅक्टरीत क्वालिटीला होतो, आकडे मांडल्याशिवाय झोप येत नाही. बेअरिंगच्या मध्यापासून पायरीपर्यंत अंतर किती?

हळदवाला, आष्टा

सहा इंच.

निवृत्त, मिरज

मग बघा. सातशे किलो दोन बाजूंना वाटले, म्हणजे एका टोकावर साडेतीनशे. ते १५० मिलिमीटर लांबून वाकवतंय. ३५ च्या शाफ्टात पायरीजवळ चौरस मिलिमीटरला साधारण १२२ न्यूटन ताण येतो. धारदार कोपऱ्यात तो अडीच पट धरा, तीनशेच्या वर. एमएसची ओढण्याची ताकद ४१०, आणि लाखो फेरे सोसायची हद्द ढोबळमानानं तिच्या निम्मी, म्हणजे २०५. त्यामुळं तुटणारच होता. आबांच्या शाफ्टात गोलाईमुळं वाढ दीडपटीच्या आत राहते, म्हणजे पावणेदोनशे-ऐंशी. २०५ च्या खाली. म्हणून २७ वर्षं. लोखंड तेच, फक्त वळण.

ईएन ८ नॉर्मलाइज केलेलं, म्हणजे तापवून हवेत गार केलेलं, ५५० च्या वर देतं, निम्मे २७५. काटकोनी कोपरा तेही खाईल. ईएन २४ टी कंडिशनमध्ये, म्हणजे कडक करून परत शेकलेलं, ८५० ते १०००, म्हणजे पाटील म्हणतात ते अगदीच चूक नाही, काटकोन असूनही कदाचित तगला असता. पण जितकं कडक तितकं खाचेला नाजूक, आणि एका गोलाईचं काम करायला एवढं महाग अलॉय कशाला?

बैठक ३५ ची ४० करता आली तर ताण १२२ चा ८२ होतो, कारण ताकद व्यासाच्या घनानं वाढते. बेअरिंग सहावरून चार इंचावर आत सरकवता आलं तर ५५. हे दोन्ही केलंत तर स्टीलचा प्रश्नच राहत नाही, एमएससुद्धा चालेल. तरी ईएन ८ घ्या, बैठक झिजायला ते बरं पडतं आणि सांगलीत सहज मिळतं.

आणखी एक गैरसमज इथं कायम बघतो. शाफ्ट लवतोय, म्हणून भारी स्टील घाला. लवण्याच्या बाबतीत एमएस, ईएन ८, ईएन २४ सगळे सारखे. ताठपणा व्यासानं येतो, ग्रेडनं येत नाही. भारी ग्रेड फक्त कायमचं वाकडं व्हायला किंवा तुटायला उशीर लावतं.

घेताना दांड्याच्या टोकाच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक दुकानाचा रंग वेगळा. टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि ग्राइंडरवर ठिणगी बघा. शेजारी माहितीतला एमएसचा तुकडा धरायचा. एमएसची ठिणगी लांब, सरळ रेघेची, फुलं कमी. ईएन ८ ला फाटे जास्त. सळईचा तर विचारच नको, टीएमटी वरून कडक आणि आत मऊ असते, टर्न केली की कडक भागच निघून जातो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या जिल्ह्यात कुंडल रोडच्या माळावर नांगराचा कारखाना उभा केला, तिथं राहून आपण नाव-गाव नसलेलं भंगार फिरत्या वजनाखाली घालायचं, हे काही शोभत नाही.

शेतकरी, कोरेगाव

भंगाराला एवढं नावं ठेवू नका साहेब. माझ्या कुळवाची पास, म्हणजे माती कापायचं पातं, ट्रकच्या कमानीच्या पाट्याची आहे, आमच्या लोहारानं केलेली, नव्या विकतच्या पासेपेक्षा जास्त टिकली. लोहचुंबक धरायचं बंद होईपर्यंत तापवतो, त्याच्यावर थोडी आच देतो, आणि पाण्यात न घालता तेलात बुडवतो. पाण्यात घातलेली तडकते. मग परत निळी पडेपर्यंत शेकतो. पास तुटली तर वावरात पडेल, माणसावर पडणार नाही. भंगार घालावं ते असल्या जागी. फक्त पाट्याला आधीच चीर नाही ना, हे रॉकेल लावून पुसून, खडू फासून बघायचं. चीर असली तर तेल खडूवर उमटतं.

उलटी चूक मी केलीय. रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट सारखा तुटायचा, म्हणून १०.९ ग्रेडचा, जास्त मजबूत, घातला. बोल्ट तुटायचा थांबला. पुढच्या दगडाला गिअरबॉक्सचा दात गेला. जो बोल्ट मरण्यासाठीच ठेवलाय, त्याला कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचा घाला.

लेथवाला, कुपवाड

खडूची युक्ती बरोबर. आमच्याकडं झिजलेले जुने शाफ्ट वेल्डिंगनं भरायला येतात तेव्हा आधी तेच करतो.

आष्टेकर दादा, आता करायचं ते सांगतो. ५० ची काळी ईएन ८ घ्या. वजन काढायचं गणित माहीत असंलच, व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला साडेपंधरा किलो. तुमची पाच फुटी लांबी धरली तर तेवीस-चोवीस किलो. दुकानदारानं काट्यावर जास्त दाखवलं तर विचारा. काळी साल पूर्ण निघू दे, ४५ ला आणा, बैठक ४० ची. आता पायरी अडीचचीच उरते, मग रेडियस पण अडीचचा, पूर्ण. नुसतं "गोल कर" म्हणू नका, माप लिहा. टूलचे वळ राहिले तर पॉलिश पेपर मारून घालवा, वळ म्हणजे बारीक बारीक कोपरेच.

बेअरिंग कितीही आत घेतलं तरी पायरीला चिकटवायचं नाही, नाहीतर गोलाईवर चढतं. निदान पाच-सहा मिलिमीटर सोडून ठेवा, ग्रब स्क्रू धरतोय की त्याला.

आणि शाफ्टाला ड्रम वेल्ड करू नका, पाया पडतो. प्लेटांना एमएसचे बॉस, म्हणजे मधे भोक असलेले जाड गोल तुकडे, वेल्ड करा, एमएसला एमएस, काही भीती नाही. शाफ्ट त्यातून घाला आणि १४ बाय ९ ची चावी, म्हणजे खाचेत बसणारा लोखंडी तुकडा, मारा. चावीची खाच पायरीच्या गोलाईपर्यंत आणू नका, इंचभर आधी संपवा. पुढं कधी शाफ्ट गेलाच तर चावी काढून ओढून घ्यायचा, ड्रम कापायला नको. अगदी वेल्ड करायची वेळ आली तर ईएन ८ दोनशे डिग्रीपर्यंत तापवून, लो हायड्रोजन रॉड सुकवून, आणि नंतर चुन्याच्या भुकटीत पुरून गार करायचा. हे सगळं शेतात कोण करतंय?

पाटील, कऱ्हाड

बरं बाबांनो, ईएन २४ चं बोलणं मागं घेतो. रेडियसचं मला पण माहीत नव्हतं.

हळदवाला, आष्टा

काम झालं म्हणून कळवतोय. ईएन ८ सांगलीत मिळालं, तेवीस किलो आठशे भरलं. सर्टिफिकेट मागितल्यावर दुकानदारानं आधी माझ्याकडं बघितलं, मग फाइल काढली. टर्नरला कागदावर चित्र काढून दिलं, आर २.५ असं दोन्ही पायऱ्यांना बाण दाखवून. तो हसला, पण केलं.

बेअरिंग आता यूसीपी २०८. भोकांचं अंतर १२७ चं १३७ झालं, त्यामुळं चॅनेलची भोकं दोन्हीकडं पाच-पाच मिलिमीटर लांबट करावी लागली. उंची दीड मिलिमीटरनं वाढली, चेनला काही फरक पडला नाही. बेअरिंग चार इंचावर आणायला स्टँडचे पाय आत घेतले. हे काम शाफ्टपेक्षा जास्त वेळ खाऊन गेलं, आणि आता हळद ओतताना पाटी स्टँडला घासते. सवय होईल.

काल चुलत्यांची नऊ पोती काढली. बेअरिंगला हात लावून बघितला, कोमट.

आबांचा शाफ्ट परत खुंटा करायचा नाही असं ठरवलंय, धुऊन तेल लावून शेडमध्ये नमुना म्हणून टांगलाय. म्हैस सध्या आंब्याला बांधतोय. त्या तुटक्या हाफ शाफ्टाचा खुंटा करा म्हणून आबा मागं लागलेत.

लेथवाला, कुपवाड

करा की. फक्त त्याला वेल्डिंग मारू नका.