एमआरआय रिपोर्टात 'हमिंगबर्ड साइन' लिहिलंय, म्हणजे पीएसपी (पार्किन्सनसारखा पण वेगळा मेंदूचा आजार) पक्कं का?

रानवाट:
बाबा सत्तरीला आलेत. गेलं वर्षभर पडतायत, तेही मागच्या मागे, ठेच नाही काही नाही उभ्या उभ्या तोल जातो. जेवताना ताटाकडे नजरच खाली जात नाही, सगळं अंगावर सांडतं, बोलणंही जड झालंय. पार्किन्सन म्हणून गोळ्या सुरू केल्या पण फार काही फरक नाही. एमआरआयचा पहिला रिपोर्ट आला 'वयानुसार अ‍ॅट्रॉफी', म्हणजे मेंदू आकसलाय, बास. तीच सीडी दुसरीकडे दाखवली तर तिथे 'मिडब्रेन अ‍ॅट्रॉफी, हमिंगबर्ड साइन, पीएसपीची शक्यता'. फोटो तेच, मग एकाला दिसलं नि एकाला नाही असं कसं? आणि यावरून निदान पक्कं धरायचं का?

क्ष_किरण:
रेडिओलॉजीत काम करतो म्हणून सांगतो, असं सर्रास होतं. आमच्याकडे जो कागद येतो त्यावर 'चक्कर' नाहीतर 'विसरतात' एवढंच असतं, मग गाठ, रक्तस्राव, स्ट्रोक बघायचा, ते नसलं की अ‍ॅट्रॉफी लिहून मोकळं. मिडब्रेन, म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा भाग, मुद्दाम बघावा लागतो. मेंदूच्या बरोबर मधला उभा काप घ्यायचा, सॅजिटल टी१ (टी१ म्हणजे एमआरआयच्या फोटोचा एक साधा प्रकार), त्यात मिडब्रेनची वरची कड एरवी फुगीर दिसते, पीएसपीत ती आधी सपाट होते नि मग आत जाते, त्याच देठाचा खालचा भाग, पॉन्स, मात्र भरलेलाच राहतो. म्हणून बारीक डोकं, चोच आणि खाली गलेलठ्ठ पोट असा पक्षी दिसतो, काही जण पेंग्विन म्हणतात. काप जरा तिरका गेला की हे चित्र फसवतं, त्यामुळे नुसत्या नजरेवर नको, मिडब्रेन आणि पॉन्सचं माप घ्यायला सांगा, दोघांचं गुणोत्तर जास्त बोलकं असतं.
पक्कं म्हणाल तर नाही. पीएसपीच्या निदानाच्या २०१७ च्या निकषांतही एमआरआय फक्त आधाराला आहे, मुख्य वजन नजर, तोल, हालचाल यांनाच. सुरुवातीला पीएसपी असूनही पक्षी दिसत नाही, हे उलटंही लक्षात ठेवा.

उंबरठा:
वरच्याला जोडून. व्हेंट्रिकल्स, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या, किती मोठी आहेत ते विचारलंत का? एनपीएचमध्ये, म्हणजे मेंदूत पाणी साठतं त्यात, मिडब्रेन वरून दाबल्यासारखा सपाट दिसू शकतो, चालही बिघडते, लघवीवर ताबा राहत नाही. कोरोनल कापात, म्हणजे समोरून बघितलेल्या कापात, कॉर्पस कॅलोसमचा (मेंदूचे दोन भाग जोडणाऱ्या पट्ट्याचा) कोन ९० अंशांच्या आत आला तर संशय वाढतो. शंट, म्हणजे पाणी काढून देणारी नळी, टाकून काहींना फरक पडतो म्हणून हे आधी बाजूला काढलेलं बरं. पक्ष्याचं नाव वाचून लोक तिथेच थांबतात ह्याचा मला खरंच वैताग येतो.
आणि गोळ्या मनाने बंद करू नका.

तिन्हीसांज:
मध्येच विचारते, सॉरी. मावशीचं दोन महिन्यांत फार उतरलं, आता माणसं ओळखत नाही, अंगाला मधूनच झटके बसतात. एमआरआय 'नॉर्मल' म्हणाले.

क्ष_किरण:
ताई, हा वेग वेगळा आहे, यात थांबू नका. त्या एमआरआयमध्ये डीडब्ल्यूआय सिक्वेन्स (एमआरआयच्या फोटोचा आणखी एक प्रकार) होता का ते आजच बघा. सीजेडीमध्ये, म्हणजे मेंदू झपाट्याने खराब करणाऱ्या एका दुर्मिळ आजारात, मेंदूच्या कडेच्या वळ्या रिबनसारख्या पांढऱ्या चमकतात, आत कॉडेट नि पुटामेन हे खोलवरचे भागही चमकतात, साध्या टी१ वर हे दिसतच नाही. पण फिट्स येऊन गेल्या किंवा साखर फार उतरली तरी असं चमकू शकतं. शिवाय ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने मेंदूला आलेली सूज, अगदी असाच वागतो आणि त्याला उपचार आहेत, म्हणून न्यूरोलॉजिस्टना ईईजी आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी, दोन्हीचं विचारा.

रानवाट:
धन्यवाद सगळ्यांना. माप कुठेच लिहिलेलं नाही, व्हेंट्रिकल्सबद्दलही चकार शब्द नाही. परत एमआरआय करू का?

उंबरठा:
आत्ता गरज वाटत नाही, आहे त्याच सीडीवर मापं निघतात. कागदावर 'मागे पडतात, नजर खाली जात नाही, लेव्होडोपाने (पार्किन्सनची गोळी) फरक नाही' असं स्वच्छ लिहून द्या. त्याआधी एक सांगा, पाणी पिताना ठसका लागतो का?

रानवाट:
हो, हल्ली रोजच.

उंबरठा:
मग मापांचं नंतर. आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, स्पीच थेरपिस्ट करतात. पातळ पदार्थ घट्ट करून द्यायचे की नाही ते तेच ठरवतील, अन्नपाणी फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. आणि पाणी पिताना मान मागे टाकू देऊ नका.