एकट्या कॉकाटीलला जोडीदार कोणता आणावा?
दिवसभर एकटा राहून छातीची पिसे उपटणाऱ्या आपल्या कॉकाटीलसाठी (डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटासाठी) लव्हबर्ड हा दुसऱ्या जातीचा छोटा पोपट आणावा का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नका, कारण लव्हबर्ड आकाराने लहान असला तरी भांडखोर असतो आणि चावून कॉकाटीलच्या पायाची बोटे जखमी करू शकतो. सोबत त्याच्याच जातीची हवी. ठाण्यात आमच्या घरी दुसरा कॉकाटील आणला, तेव्हा डॉक्टरांकडून तपासून त्याला ४० दिवस वेगळ्या खोलीत ठेवले, मग दोन पिंजरे हातभर अंतरावर मांडले आणि पहिल्याने तुरा चपटा करून फिस्कारणे सोडून जाळीलगत बसून राळ्याचे कणीस खायला सुरुवात केल्यावरच दोघांना एकत्र सोडले. आपला देशी हिरवा पोपट मात्र आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणे गुन्हा आहे. पिसे उपटण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून आधी आपल्या कॉकाटीलचीच तपासणी करून घ्या.